सासऱ्यांचं हार्ट ६० टक्केच चालतंय म्हणे, आता काय करू?

पत्र :

नमस्कार डॉक्टर, मी भांडुपला राहते. माझे सासरे ६४ वर्षांचे आहेत, बेस्टमधून रिटायर झालेले. त्यांना हर्नियाचं ऑपरेशन सांगितलंय, साधंच आहे म्हणाले, पण फिटनेससाठी टूडी इको करून आणा म्हणून आम्ही एका सेंटरमध्ये करून घेतला. त्यात लिहिलंय एलव्हीईएफ ६० टक्के. खाली ट्रिव्हियल टीआर आणि ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन पण आहे. सर्जनची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात, तोपर्यंत मिस्टरांनी रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर टाकला आणि तिथून जो गोंधळ सुरू झाला तो अजून चालू आहे. चुलत सासरे म्हणाले ४० टक्के हार्ट गेलंय, लगेच अँजिओग्राफी करा. आत्याबाई म्हणाल्या व्हॉल्व्ह लीक आहे. आता बाबा पलंगावरून उठत नाहीत. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, तरी ते रोज दोनदा खाली जाऊन दूध-भाजी आणायचे, कट्ट्यावर बसायचे, ते सगळं बंद. सासूबाई दोन्ही वेळा लसणाचा काढा देतायत. कोरोनात घेतलेलं ऑक्सिमीटर दिवसभर बोटाला, पल्स ९६ दिसली की सगळे चिडीचूप. छातीत त्यांना कधी दुखलेलं नाही, बीपीची एक गोळी चालू आहे. ६० टक्के हार्टवर ऑपरेशन झेपेल का? आणि माझा आठवीतला मुलगा विचारतोय की हार्टमध्ये एवढं रक्त भरलेलं असतं तर हार्टलाच रक्त कमी पडून अटॅक कसा येतो. मला उत्तर देता आलं नाही.
– एक सून, भांडुप

उत्तर :

ताई, समजावणं नंतर, आधी उत्तर घ्या म्हणजे आज रात्री तरी घरात नीट जेवणं होतील. एलव्हीईएफ ६० टक्के हे नॉर्मल आहे. "चालवून घेऊ" टाइपचं नॉर्मल नव्हे, एकदम व्यवस्थित नॉर्मल. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पुरुषांचा हा आकडा ५२ ते ७२ च्या मधे कुठेही असला तरी ठीक धरतात, बायकांचा ५४ ते ७४. १०० टक्के कुणाचाच नसतो, तुमचा नाही, माझा नाही, ऑलिंपिकला धावणाऱ्याचाही नाही. चुलत सासऱ्यांनी आत्ता स्वतःचा इको केला तर त्यांचाही साठ-पासष्टच येईल आणि तसाच यावा.

चूक त्यांचीही नाही म्हणा. आपल्याकडे टक्के दिसले की डोक्यात मार्कशीट उघडते, ६० म्हणजे ४० गेले. आणि ज्या सेंटरमधून तुम्ही हा कागद आणलात तिथे कुणी दोन वाक्यं बोललं असतं तर हा आठवडा वाचला असता. मला या गोष्टीचा खरंच राग आहे. रिपोर्ट डॉक्टरने डॉक्टरसाठी लिहिलेला असतो, सगळा शॉर्टफॉर्ममध्ये, आणि तो पहिल्यांदा वाचतो मात्र फॅमिली ग्रुप. आमच्या परळच्या दवाखान्यात हाच कागद घेऊन, हाच चेहरा करून माणसं येत असतात, सोबत मुलगा रजा टाकून आलेला.

तर हे ६० आलं कुठून. हृदयाला चार कप्पे, वर दोन आणि खाली दोन. खालचा डावा कप्पा सगळ्यात दणकट, कारण सगळ्या अंगाला रक्त ढकलायचं काम त्याचं. तो पूर्ण भरतो तेव्हा त्यात साधारण १२० मिली रक्त असतं. मग तो आवळतो आणि त्यातलं ७० मिलीच्या आसपास बाहेर टाकतो, उरलेलं ५० मिली आतच राहतं. भरलेल्यापैकी किती बाहेर गेलं त्याचा हिशोब म्हणजे तुमचा तो एलव्हीईएफचा आकडा, ७० भागिले १२०, आले ५८ टक्के. बस इतकंच आहे ते. सकाळची फास्ट लोकल दादरला थांबते, डब्यातली निम्म्याहून जास्त माणसं उतरतात, बाकीची पुढे जायची म्हणून आतच उभी असतात आणि तेवढ्यात नवीन चढतात. डब्यात माणसं उरली म्हणून गाडी ४० टक्के बिघडली असं कुणी म्हणतं का?

आणि ते उरलेलं रक्त वाया गेलेलं नाही, ती शिल्लक आहे. बाबा तीन मजले चढतात तेव्हा पायांच्या स्नायूंना जास्त रक्त पाहिजे असतं, तेव्हा कप्पा जरा जोरात आवळतो आणि त्या शिल्लकीतलं थोडं तेव्हा बाहेर काढतो. रोज पळणाऱ्या लोकांची गंमत अशी की बसल्या जागी त्यांचा हा आकडा कधी कधी पन्नाशीच्या आसपासच असतो, कारण त्यांचा कप्पा मोठा झालेला असतो, त्याला सत्तर-ऐंशी मिली बाहेर टाकायला फार आवळावंच लागत नाही. उलट पण बघा, हृदय खरंच कमजोर झालं की कप्पा फुगतो, समजा २०० मिली मावायला लागलं आणि त्यातलं ६० बाहेर गेलं तर आकडा झाला ३०. बाहेर गेलेलं रक्त बघायला गेलं तर नॉर्मलपेक्षा फक्त १० मिली कमी, पण कप्पा ताणला गेलाय हे त्या आकड्यावरून कळतं. म्हणून ४० च्या खाली गेलं की आम्ही सिरियसली घेतो, ४१ ते ४९ असेल तर का कमी झालं ते शोधतो. ६० ला फक्त पुढची ओळ वाचतो. अजून एक, हा आकडा बऱ्याचदा स्क्रीनकडे बघून अनुभवाने अंदाजे लिहिलेला असतो, दोन जणांनी बघितलं तर पाचाचा फरक सहज पडतो, त्यामुळे पुढे कधी ५५ आलं तर "पाच टक्के उतरलं" म्हणून परत ग्रुपवर टाकू नका प्लीज.

आता आत्याबाईंचा लीक व्हॉल्व्ह. टीआर म्हणजे उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली जी झडप आहे, ट्रायकस्पिड, तिच्यातून थोडं रक्त उलटं येणं. अंगभर फिरून, ऑक्सिजन देऊन आलेलं गडद लाल रक्त (निळं नसतं हं ते, हातावरच्या शिरा निळ्या दिसतात तो त्वचेतून दिसणाऱ्या उजेडाचा खेळ आहे) दोन मोठ्या शिरांतून उजव्या वरच्या कप्प्यात येतं, या झडपेतून खाली उतरतं, उजवा खालचा कप्पा ते फुप्फुसांत पाठवतो, तिथे ऑक्सिजन घेऊन चार शिरांतून डाव्या वरच्या कप्प्यात येतं, मायट्रल झडपेतून त्या दणकट डाव्या कप्प्यात, आणि तिथून महाधमनीत. झालं एक चक्कर. झडपा चार, चारही एकाच दिशेने उघडणाऱ्या, आणि आम्ही स्टेथोस्कोप लावून जो लब-डब ऐकतो तो या झडपा मिटण्यातून येतो, आधी वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या दोन मिटतात, मग बाहेर जाणाऱ्या वाटांवरच्या दोन.

ट्रिव्हियल, म्हणजे नावापुरता, टीआर बहुतेक धडधाकट माणसांत दिसतो, कारण आताची मशीन एवढी बारीक झालीत की झडप मिटताना थेंबभर मागे आलं तरी रंगीत दिसतं. आणि खरं सांगू का, आम्हाला तो असलेला बरा वाटतो. तो बारीक झोत किती वेगाने मागे येतो त्यावरून फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीतलं प्रेशर काढता येतं, सुई न टोचता. तुमच्या रिपोर्टमध्ये पीएएसपी म्हणून आकडा असेल बघा, पंचवीस-तीसच्या आसपास असेल तर छान. बाबांच्या दंडावर पट्टा बांधून जे १२०-१३० येतं ते डाव्या बाजूचं, उजव्या बाजूचं प्रेशर त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढं. कारण उजव्याला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच ढकलायचं आणि डाव्याला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. म्हणून डाव्याची भिंत जाड, आठ-नऊ मिलीमीटर, उजव्याची चार वगैरे. पण दोघांतून जाणारं रक्त मात्र सारखंच, कारण गोल एकच आहे, एका बाजूने जेवढं गेलं तेवढंच दुसऱ्या बाजूला येणार.

हे गोल फिरणं आज आपल्याला शाळेतच शिकवतात, पण जवळजवळ चौदाशे वर्षं युरोपातले डॉक्टर असं धरून चालले होते की रक्त यकृतात अन्नापासून बनतं आणि अंगात जाऊन संपतं. ते मोडलं विल्यम हार्वी या इंग्लिश डॉक्टरने, १६२८ मध्ये, आणि मोडलं कशाने तर साध्या गुणाकाराने. तुमच्या आठवीतल्या मुलाला करू दे तो. एका ठोक्याला ७० मिली, मिनिटाला ७२ ठोके, झाले ५ लिटर. अंगात रक्तच मुळात ५ लिटर! म्हणजे मिनिटाभरात सगळं रक्त एक फेरी मारून येतं. दिवसाचं काढलं तर ७ हजार लिटरच्या वर जातं, एवढं रक्त रोज नवीन बनवायला माणसाने खायचं तरी किती? तेव्हा तेच तेच रक्त परत येतंय, दुसरा मार्गच नाही. हार्वीने ठोक्याला धरलेला आकडा याहून बराच कमी होता तरी त्याचा मुद्दा सिद्ध झाला. धमनीतून शिरेत रक्त जातं कुठून ते मात्र त्याला दिसलं नाही, त्या केशवाहिन्या इटलीच्या मालपिगी या डॉक्टरने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात बघितल्या १६६१ मध्ये, तोवर हार्वी जाऊन चार वर्षं झाली होती.

याच हार्वीचा एक प्रयोग आहे तो नातवाने आजोबांच्या हातावर करावा, दोघांचाही वेळ बरा जाईल. आजोबांचा हात खाली सोडून बसवायचं म्हणजे मनगटाच्या वरची शीर फुगते. एक बोट शिरेवर मनगटाच्या बाजूला दाबून ठेवायचं, दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे शीर पुसत न्यायची आणि ते दुसरं बोट उचलायचं. वरून रक्त परत खाली यायला हवं ना? येत नाही. झडपेपर्यंत येऊन थांबतं, मधला तुकडा सपाटच राहतो. मग पहिलं बोट उचला, खालून भस्सकन भरतो. शिरांमध्ये जागोजागी अशा झडपा आहेत, रक्त हृदयाकडेच जाऊ देणाऱ्या. हे लक्षात ठेवा, पलंगाच्या विषयावर मी परत येणार आहे.

ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन. नाव भयंकर आहे, मान्य. मला विचाराल तर हे असं कोरडं लिहून पेशंटच्या हातात द्यायलाच नको. आपण सगळे समजतो हृदयाचं काम म्हणजे आवळणं आणि सैल होणं म्हणजे आराम, पण सैल होणं (तोच डायस्टोल) हेही कामच आहे. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम मोकळं झालं की तो आवळतो, ते कॅल्शियम परत खेचून घेतलं की सैल पडतो, आणि खेचून घ्यायला ऊर्जा लागते. वय वाढलं, त्यात अनेक वर्षांचं बीपी असलं, की भिंत जरा ताठ होते आणि सैल पडायला थोडा जास्त वेळ घेते. मग कप्पा आपोआप जेवढा भरायचा तेवढा भरत नाही, उरलेलं भरायला वरचा कप्पा शेवटी एक धक्का देतो तो जरा जास्त द्यावा लागतो. रिपोर्टमध्ये मायट्रलसमोर ई आणि ए असे आकडे असतात, ते हेच, ई म्हणजे आपोआप भरलेलं आणि ए म्हणजे धक्क्याने. साठीनंतर ए मोठा दिसणं एकदम कॉमन. यावर वेगळी गोळी नाही, औषध म्हणजे बीपी ताब्यात ठेवणं, मीठ कमी (पापड-लोणचं ताटातून कमी करा, हे मी सासूबाईंसाठी लिहितोय) आणि चालणं.

पल्स ९६. अहो, दिवसभर बोटाला चिमटा लावून जो माणूस आकड्याकडे बघत बसलाय त्याची पल्स ९६ नाही होणार तर काय! बसलेल्या माणसाची ६० ते १०० नॉर्मल धरतात. ठोका मेंदूकडून येत नाही, हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक छोटासा पुंजका आहे एसए नोड नावाचा, तो स्वतःच ठोके देतो. मेंदू तिथे नसांमार्फत (म्हणजे मज्जातंतू, रक्ताच्या शिरा नव्हे) फक्त कमी-जास्त करतो, शांत असलं की लगाम खेचतो, घाबरलं की सोडतो. मेंदूशिवाय हृदय चालतं याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे हार्ट ट्रान्सप्लांट, त्यात रक्तवाहिन्या शिवतात, नसा कुणी जोडत नाही, तरी नवीन छातीत हृदय चालू होतं. भारतातलं पहिलं हार्ट ट्रान्सप्लांट आमच्या परळमध्येच झालं, केईएम हॉस्पिटलमध्ये, डॉ. पी. के. सेन यांनी केलं फेब्रुवारी १९६८ मध्ये, जगातलं पहिलं केपटाऊनला झाल्याला तीन महिनेही झाले नव्हते. पेशंट काही तासच जगला, पण त्या काळात, त्या साधनांत हे करून बघितलं ही साधी गोष्ट नाही. असो. ऑक्सिमीटरची बॅटरी काढून ठेवा, हे माझं प्रिस्क्रिप्शन समजा.

आता मुलाचा प्रश्न, जो मला पत्रातला सगळ्यात भारी वाटला. कप्प्यांमध्ये रक्त भरलेलं असतं पण ते स्नायूला प्यायला मिळत नाही. भिंत आठ-नऊ मिलीमीटर जाड, कप्प्यातल्या रक्तातून ऑक्सिजन झिरपतो तो अगदी आतल्या पातळ थरापुरता. बाकीच्या स्नायूला स्वतःचा वेगळा पुरवठा लागतो, आणि तो येतो दोन कॉरोनरी धमन्यांतून. या धमन्या कुठून निघतात? डाव्या कप्प्यातून रक्त महाधमनीत गेलं की झडपेच्या जस्ट वर, पहिल्याच वळणावर. म्हणजे हृदय रक्त बाहेर टाकतं आणि त्यातला सगळ्यात पहिला हिस्सा स्वतःसाठी घेतं, बसल्या जागी पाच टक्के, मिनिटाला पाव लिटर. मजा पुढे आहे. हृदय आवळलेलं असतं तेव्हा त्याच्या भिंतीतल्या बारीक वाहिन्यापण चेपल्या जातात, त्यामुळे डाव्या बाजूच्या स्नायूला बहुतेक रक्त मिळतं ते हृदय सैल असताना. मिनिटाला ७५ ठोके धरले तर एक ठोका ०.८ सेकंदाचा, त्यात आवळणं साधारण ०.३ आणि सैल राहणं ०.५. पल्स वाढली की आवळायचा वेळ फारसा कमी होत नाही, सैल राहायचा वेळ कमी होतो, म्हणजे ज्या वेळी हृदय जास्त काम करतंय त्याच वेळी त्याला खायला वेळ कमी.

शिवाय बाकीचे अवयव रक्तातला ऑक्सिजन निवांत वापरतात, बराचसा परत जातो, हृदय मात्र आरामातही सत्तर टक्क्यांच्या वर काढून घेतं. जास्त हवा असेल तर जास्त रक्त आणणं हाच उपाय. तरुण मोकळ्या धमन्या रुंदावून चारपट वगैरे रक्त आणतात. धमनीत चरबीचा थर साचून वाट अरुंद झाली असेल तर बसल्या जागी काही कळत नाही, जिना चढताना छाती आवळल्यासारखी होते, थांबलं की बरं वाटतं. आणि तो थर अचानक फाटला, त्यावर गुठळी धरली, वाट बंद झाली की तिच्या पुढचा स्नायू मरायला लागतो, तो हार्ट अटॅक. आत कप्प्यात रक्त वाहतच असतं, बाहेरून भिंतीला मिळत नसतं. सांगा मुलाला, आणि त्याला माझ्याकडून शाबासकी.

यातून एक गोष्ट तुमच्यासाठी निघते ती लपवत नाही. इको माणूस आरामात असताना, झोपवून, केलेला असतो. त्यामुळे तो चांगला आला म्हणजे धमन्यांत अडथळा नाहीच अशी गॅरंटी मिळत नाही, नो आरडब्ल्यूएमए (भिंतीच्या हालचालीत कुठे दोष नाही) लिहिलं असेल तर एवढंच कळतं की भिंतीचा कुठलाही भाग मेलेला किंवा सुस्त नाही. मग अँजिओग्राफी करायची का? ज्या माणसाला छातीत कधी दुखलं नाही आणि जो रोज दोनदा तीन मजले चढत होता, त्याची चुलत भाऊ म्हणतो म्हणून करायची नसते. फिटनेस देताना आम्ही पहिला प्रश्न विचारतो तोच मुळी हा की दोन जिने न थांबता चढता का, छातीत किंवा श्वासाला काही होतं का. बाबांचं उत्तर गेल्या आठवड्यापर्यंत झक्कास होतं! आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून काळजीने ते जिनेच बंद केलेत.

ही पलंगाची गोष्ट मला ६० टक्क्यांपेक्षा जास्त सलते. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच धडधाकट पोरांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं आणि आधी-नंतर त्यांची ताकद मोजली. हृदयाची रक्त पुरवायची क्षमता धाडकन खाली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना परत बोलावून तपासलं, तर तीस वर्षांच्या वयाने जेवढं नुकसान झालं नव्हतं तेवढं त्या तीन आठवड्यांनी झालं होतं. विशीतल्या पोरांचं हे, तुमचे बाबा ६४ चे. आणि त्या शिरेतल्या झडपा आठवा. अंगातलं निम्म्याहून जास्त रक्त कुठल्याही क्षणी शिरांमध्येच असतं, आणि पायातलं रक्त वर चढवायला हृदयाचा धक्का पुरत नाही. पोटरीचे स्नायू आवळले की आतल्या शिरा दाबल्या जातात, झडपांमुळे रक्त फक्त वर जाऊ शकतं. माणूस नुसता उभा असेल तर घोट्याजवळच्या शिरेत प्रेशर ९० च्या आसपास असतं, चालायला लागला की ३० च्या खाली येतं. पलंगावर दिवसचे दिवस पडून राहिलं की पोटरीचं हे काम बंद, रक्त साकळतं, गुठळी होऊ शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर काय होतं ते मी इथे लिहीत नाही. ऑपरेशनच्या तोंडावर तर हे अजिबात नको.

म्हणून, मी त्यांना तपासलेलं नाही हे धरून सांगतो, पण तुम्ही लिहिलंय ते सगळं तसंच असेल तर बाबांना उद्यापासून उठवा. पहिल्या दिवशी घरातल्या घरात आणि एकदा खाली, दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ कट्टा चालू. भाजीची जड पिशवी मात्र नातवाकडे, ते हर्नियासाठी, हार्टसाठी नाही. हर्नियाचा फुगवटा कधी कडक झाला, आत जाईना, दुखायला लागला, उलट्या झाल्या तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच क्षणी हॉस्पिटल. आणि छातीवर दाब आल्यासारखं, ते हातात किंवा जबड्यात जाणं, सोबत दरदरून घाम, असं कधी झालं, कुणालाही, तर ग्रुपवर विचारत बसू नका, १०८ लावा.

लसणाच्या काढ्याबद्दल सासूबाईंना हळूच सांगावं लागेल. फोडणीतला लसूण राहू दे, पण दोन वेळा वाटीभर काढा म्हणजे रक्त पातळ होऊन ऑपरेशनमध्ये जास्त वाहू शकतं, म्हणून तो आता बंद करा, आणि बंद केलात तरी सर्जनला आणि भूलतज्ज्ञांना सांगा की इतके दिवस चालू होता. लोक हे सांगत नाहीत, घरगुती आहे म्हणून. इकोचा कागद, ईसीजी, शुगरचा रिपोर्ट सगळं एका फाइलमध्ये न्या, आणि जिना चढण्याचा विषय भूलतज्ज्ञ विचारतील तेव्हा बाबांनाच बोलू द्या, तुम्ही मधे पडू नका. बीपीची गोळी स्वतःच्या मनाने सोडू नका. काही बीपीच्या गोळ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून थांबवतात, काही त्याच सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात, तेव्हा गोळीचं नाव आठवत बसण्यापेक्षा स्ट्रिपच घेऊन जा आणि त्यांच्यासमोर ठेवा.